शिसेयुक्त इंधनपूरकांचा व्यापार

पेट्रोलचा ऑक्टेन क्रमांक (इंजिनात अवेळी न पेटण्याच्या क्षमतेचे माप) वाढवण्यासाठी त्यात मिसळल्या जाणाऱ्या शिशाच्या सेंद्रिय संयुगांची आंतरराष्ट्रीय खरेदी-विक्री. टेट्राएथिल लेड (टीईएल) हे त्यांतले मुख्य, टेट्रामिथिल लेड दुय्यम. मोटारींसाठीचा हा व्यापार 2021 मध्ये संपला. विमानांच्या इंधनापुरता तो अजून चालू आहे.

टीईएल हा रंगहीन, गोडसर वासाचा आणि पाण्याच्या दीडपटीहून जड असा तेलकट द्रव आहे. तो श्वासातून जातो, तसाच कातडीतूनही भिनतो. इंजिनात पेट्रोल अवेळी पेटून बसणारे ठोके तो थांबवतो, हे टॉमस मिजली यांना 1921 मध्ये जनरल मोटर्सच्या डेटन येथील प्रयोगशाळेत आढळले. अल्कोहोलनेही ठोके थांबतात हे तेव्हा माहीत होते. पण पेटंट टीईएलवर मिळत होते आणि तो अगदी थोडा पुरत असे. फेब्रुवारी 1923 मध्ये शिसेयुक्त पेट्रोलची विक्री सुरू झाली.

धोका पहिल्यापासून उघड होता. ऑक्टोबर 1924 मध्ये न्यू जर्सीतील बेवे येथील कारखान्यात पाच कामगार भ्रमिष्टावस्थेत दगावले. त्यानंतर मिजली यांनी वार्ताहरांसमोर टीईएल हातांवर ओतून घेतले आणि बाटली नाकाशी धरून मिनिटभर हुंगली. आदल्या वर्षी त्यांना स्वतःलाच शिशाच्या विषबाधेमुळे रजेवर जावे लागले होते! पुढच्या अर्धशतकात हे पेट्रोल जगभर पोचले. क्लेअर पॅटरसन या भूरसायनशास्त्रज्ञाने 1965 मध्ये दाखवून दिले की, लोकांच्या शरीरातले शिसे निसर्गतः असते त्याच्या कितीतरी पट झाले आहे.

अमेरिकेत शिसेविरहित पेट्रोल रुळले ते मात्र आधी यंत्राच्या गरजेपोटी. 1975 पासूनच्या गाड्यांना धुरातले घातक वायू कमी करणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसू लागले आणि शिशाने ते निकामी होत. 1976 ते 1980 या काळात पेट्रोलमधले शिसे घटले तसे अमेरिकी लोकांच्या रक्तातील शिशाचे सरासरी प्रमाणही सुमारे 37 टक्क्यांनी उतरले. 1996 मध्ये अमेरिकेने आणि 2000 मध्ये युरोपीय संघाने मोटारींसाठी हे पेट्रोल बंद केले. भारतातही ते 2000 मध्येच थांबले.

या व्यापाराचा सर्वांत लाजिरवाणा काळ यानंतरचा. जे विष घरच्या मुलांना नको, ते परदेशी विकणे चालूच राहिले. गिऱ्हाईक उरले ते मुख्यतः जुन्या रिफायनऱ्या असलेले देश. ऑक्टेन वाढवणारी नवी संयंत्रे उभारण्यापेक्षा टीईएल विकत घेणे त्यांना सोपे पडे. मोटारींच्या पेट्रोलसाठी टीईएल पुरवणारी शेवटची मोठी कंपनी होती इनोस्पेक. तिचा कारखाना इंग्लंडमधील एल्समिअर पोर्टचा. इंडोनेशिया व इराकमधील अधिकाऱ्यांना लाच दिल्याचा गुन्हा या कंपनीने 2010 मध्ये ब्रिटिश व अमेरिकी न्यायालयांत कबूल केला. म्हणजे मागणी नुसती उरली नव्हती, ती पैसे चारून टिकवली जात होती.

घातक रसायनांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराविषयीचा रॉटरडॅम करार 2004 मध्ये अमलात आला आणि दोन्ही संयुगे त्याच्या यादीत आली. त्यामुळे आयात करायची की नाही हे प्रत्येक देश आधी कळवतो आणि निर्यातदार देशाला ते पाळावे लागते. ही बंदी नव्हे, पण नकार देणाऱ्या देशाच्या हाती कायदा आला. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने 2002 पासून सरकारे आणि तेल कंपन्यांना एकत्र आणले. सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेने 2005 अखेर हे पेट्रोल सोडले. शेवटचा देश अल्जीरिया. तिथल्या पंपांवरची विक्री जुलै 2021 मध्ये थांबली.

पिस्टन इंजिनाच्या छोट्या विमानांना लागणाऱ्या ‘100एलएल’ इंधनात टीईएल अजूनही असते. नावातल्या ‘एलएल’चा अर्थ ‘कमी शिसे’ असला, तरी लिटरमागे 0.56 ग्रॅमपर्यंत शिसे त्यात चालते. अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने ते 2030 अखेर हद्दपार करण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. तोवर अशी विमाने वापरणाऱ्या विमानतळांच्या आसपास राहणाऱ्या मुलांच्या श्वासात ते जातच राहणार.