दारूच्या वासाआड लपलेली दुखापत

रंगपंचमीला राजवाड्याभोवती गेर, म्हणजे रंग उधळणारी मिरवणूक, निघते तेव्हा अर्धं इंदूर रस्त्यावर असतं. कुणाच्या पोटात भांगेची ठंडाई, कुणाच्या दारू. अशा दिवशी एखादा गाडीवरून पडला, डोक्याला टेंगूळ आलं, जीभ जड झाली, की सोबतचे म्हणतात, "चढलीय त्याला, झोपू द्या. सकाळी उतरेल." मला या वाक्याची भीती वाटते. कवटीच्या आत रक्त साचत असेल, तर त्याच्या हातात सकाळपर्यंतचा वेळ असेलच असं नाही.

दारू मेंदूला शांत करणाऱ्या गाबा या रसायनाचा जोर वाढवते आणि चेतवणाऱ्या ग्लूटामेटचा कमी करते. तोल सांभाळणारा लहान मेंदूही सुस्तावतो. त्यामुळे पडताना हात वेळेवर पुढे येत नाहीत आणि मार थेट डोक्यावर बसतो. गाडी चालवणाऱ्यासाठी कायद्याची मर्यादा 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम आहे, पण लक्ष विभागण्याची ताकद त्याच्याही आधी ढासळायला लागते.

खरी पंचाईत पुढे आहे. अडखळतं बोलणं, उलटी, गुंगी, झोकांड्या ही दारूची लक्षणं, आणि मेंदूतल्या रक्तस्रावाचीही तीच. डॉक्टर 1974 पासून वापरात असलेल्या ग्लासगो मोजपट्टीने डोळे, बोलणं आणि हालचाल तपासून 3 ते 15 गुण देतात. गुण बरेच घसरले असतील तर ते दारूच्या खात्यावर टाकून मोकळं होणं धोक्याचं. अशा वेळी सीटी स्कॅनच लागतो.

घरच्यांना उपयोगी पडेल अशी खूण म्हणजे घड्याळ. यकृत साधारण दर 100 मिलिलिटर रक्तामागे तासाला 15 ते 20 मिलिग्रॅम या गतीने दारू कमी करतं. म्हणजे नशा असेल तर तासागणिक माणूस शुद्धीवर यायला हवा. आधी बोलत होता आणि आता हाकेला ओ देत नाही, पुन्हा पुन्हा उलट्या होताहेत, डोळ्याची एक बाहुली दुसरीपेक्षा मोठी दिसतेय, तर ही नशा नव्हे. 108 ला फोन करा, किंवा थेट एमवायसारखं मोठं रुग्णालय गाठा. तोवर त्याला कुशीवर ठेवा, म्हणजे उलटी श्वासनलिकेत जाणार नाही. मात्र मान दुखावली असण्याची शक्यता धरून डोकं, मान आणि धड एकत्रच वळवा.

वर्षानुवर्षं पिणाऱ्यांची गोष्ट आणखी नाजूक. त्यांचा मेंदू आक्रसतो, त्यामुळे मेंदू आणि त्याच्या आवरणामधल्या शिरा ताणलेल्या असतात. त्यात यकृत बिघडलं की रक्त गोठवणारे घटक कमी तयार होतात, प्लेटलेट्सही घटतात. मग न्हाणीघरात घसरल्याचं निमित्तही पुरतं. रक्त इतकं हळू साचू शकतं की डोकेदुखी, विसराळूपणा दोन-तीन आठवड्यांनी दिसतो, आणि तोवर ते पडणं घरात सगळे विसरलेले असतात.

आपल्या माळव्यात अफूचाही विचार करावा लागतो. अफू पिकवणारे मंदसौर-नीमच फार लांब नाहीत. अफूने दोन्ही बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात आणि श्वास मंदावतो. डोक्याच्या दुखापतीत डॉक्टर ज्या बाहुल्यांवर भिस्त ठेवतात, त्यांचीच भाषा अफू बदलून टाकते. म्हणून पोलीस किंवा विम्याच्या धास्तीने काय घेतलं होतं ते डॉक्टरांपासून लपवू नका. रोज किती पितो हेही सांगा. रोज पिणाऱ्याची दारू रुग्णालयात अचानक तुटते, आणि दोन-तीन दिवसांत हातांचा थरकाप, भास, झटके सुरू होऊ शकतात. आधी कळलं असेल तर औषधं आणि थायमिन (ब-1 जीवनसत्त्व) वेळेवर देता येतात.

1999 साली अमेरिकेतल्या सिएटलच्या एका रुग्णालयातला अभ्यास प्रसिद्ध झाला. जखमी होऊन आलेल्या, दारूचा त्रास असलेल्या रुग्णांशी अर्धा तास नीट, न रागावता बोललं गेलं. पुढच्या वर्षभरात त्यांच्यातल्या नव्या दुखापती, असं बोलणं न झालेल्यांच्या तुलनेत जवळपास निम्म्याने कमी दिसल्या. इतकं स्वस्त औषध अपघात विभागात दुसरं क्वचितच असेल. जखम ताजी असते तेव्हा माणूस ऐकतो. तुमच्या घरात असं कुणी टाके घालून परतलं असेल, तर व्यसनमुक्तीसाठी 14446 ही सरकारी हेल्पलाइन मोफत आहे, आणि तिथे घरच्यांनीही फोन केला तरी चालतो.