अरबी समुद्रातले प्लवक आणि मोजण्याचं माप

हिवाळ्यात कोकणच्या एखाद्या किनाऱ्यावर रात्री लाटा निळ्या चमकल्या की व्हिडिओ फिरतात आणि पाठोपाठ ठरलेला प्रश्न येतो: हे पूर्वीपेक्षा वाढलंय का? चमक नॉक्टिलुका या एकपेशीय प्लवकाची (प्लवक म्हणजे पाण्यात तरंगत, प्रवाहाबरोबर वाहत राहणारे जीव), एवढं लगेच सांगता येतं. वाढलंय की नाही हे मात्र पूर्वी कोणी, कशाने आणि किती खोलीवर मोजलं होतं त्यावर ठरतं. अरबी समुद्रात हे ‘पूर्वी’ फार मागे जात नाही.

१९३३-३४ मध्ये ‘माबाहिस’ हे इजिप्तचं जहाज या समुद्रात फिरलं. मोहिमेचे प्रमुख होते सेमूर सेवेल, त्याआधी भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे संचालक. वरच्या थराखाली शेकडो मीटरपर्यंत पाण्यात ऑक्सिजन जवळपास नाहीच, हे या मोहिमेत ठळकपणे दिसलं. ऑक्सिजन मोजायची रीत हंगेरीच्या लायोश विंकलरने १८८८ मध्ये दिलेली. काचेच्या बाटलीत पाणी काठोकाठ भरायचं, बुडबुडा राहू द्यायचा नाही. त्यात मँगनीजचं क्षार आणि अल्कधर्मी आयोडाइड घातलं की तपकिरी साका बसतो. ऑक्सिजन कमी तितका साका फिका. मग आम्ल घालून सुटलेलं आयोडिन थायोसल्फेटने थेंबाथेंबाने मोजायचं. स्टार्चचा निळा रंग गेला की थांबायचं. डोलत्या जहाजावर हे करणाऱ्याचा हात किती स्थिर असावा लागत असेल याचा अंदाज प्रयोगशाळेत टायट्रेशन केलेल्यांना येईल.

खरं वळण आलं १९५९ ते १९६५ च्या आंतरराष्ट्रीय हिंद महासागर मोहिमेत. अनेक देशांची चाळीसच्या आसपास जहाजं यात होती. अमेरिकेचं ‘अँटन ब्रून’ तर पूर्वी राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांचं सरकारी यॉट होतं. आपल्या नौदलाची ‘किस्तना’ ही फ्रिगेटही संशोधनासाठी कामाला लागली. अडचण अशी की प्रत्येक देशाचं जाळं वेगळं. कोणाची वीण बारीक, कोणाची मोठी. कोणी आडवं ओढणार, कोणी उभं. असे आकडे एकाच नकाशावर मांडले तर समुद्रापेक्षा जाळ्यांमधला फरकच जास्त दिसेल.

म्हणून सगळ्यांसाठी एक प्रमाण जाळं ठरलं. तोंडाचं क्षेत्रफळ १ चौरस मीटर, भोकं साधारण एक-तृतीयांश मिलिमीटरची. ते २०० मीटर खोलीवरून सरळ वर ओढायचं, म्हणजे हिशेबाने २०० घनमीटर पाणी गाळलं जातं. हिशेबानेच, कारण वाऱ्याने जहाज सरकलं की दोर तिरपा होतो, आणि प्लवक दाट असले की भोकं बुजतात. शिवाय बरेच प्राणिप्लवक, म्हणजे प्लवकांमधले प्राणी, दिवसा खाली जातात आणि रात्री वर येतात. त्यामुळे दुपारची ओढ आणि मध्यरात्रीची ओढ एकाच तराजूत घालता येत नाही.

ओढलेला माल फॉर्मालिनमध्ये भरून कोचीला जायचा. तिथे युनेस्कोच्या मदतीने हिंद महासागर जैविक केंद्र उभं राहिलं होतं. आधी पाणी निथळून प्लवकांचं आकारमान मोजायचं, मग सूक्ष्मदर्शकाखाली गटवार वेगळे करायचे: कोपेपॉड (झिंग्यांचे इवले नातलग), बाणकृमी, माशांची अंडी, पिल्लं. कोपेपॉडच सगळ्यांत जास्त. माझ्या मते मोहिमेचं सर्वांत चिवट काम हेच. जहाजांचे फोटो छापून आले; वर्षानुवर्षं टेबलाशी बसून हे निवडणाऱ्यांची दखल कमीच घेतली गेली. (आपल्या ताटातला जवळाही या प्राणिप्लवकांच्याच कुळातला म्हणायला हरकत नाही.) मोहिमेच्या भारतीय कार्यक्रमाची धुरा एन. के. पणिक्कर यांच्याकडे होती. १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली तेव्हा पहिले संचालकही तेच झाले. कोचीचं केंद्र या संस्थेत आलं आणि संस्थेचं मुख्यालय पुढे गोव्यात दोना पावलाला स्थिरावलं.

पाण्याच्या खारेपणाचं माप त्याआधीच ठरलं होतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून जगभरच्या प्रयोगशाळा कोपनहेगनहून सीलबंद काचनळ्यांत येणारं प्रमाण पाणी वापरत आणि आपला नमुना त्याच्याशी ताडून बघत. १९७८ मध्ये हे माप विद्युतवाहकतेवर आलं: १ किलो द्रावणात ३२.४३५६ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड असेल, तर १५ अंश सेल्सियसला त्याची जी वाहकता, तीच ३५ खारेपणाच्या समुद्रपाण्याची. खोलवरचं पाणी वर आणणाऱ्या, दोराला बांधलेल्या नान्सेन बाटल्या, पितळी वजन सोडून त्या उलट्या करणं, उलटताक्षणी पारा तुटून तापमान टिकवणारे थर्मामीटर, हे सगळं मागे पडलं. त्यांच्या जागी वाहकता, तापमान आणि खोली सलग नोंदवणारं सीटीडी आलं.

आता पहिल्या प्रश्नाकडे. साठच्या दशकातल्या जाळ्याने नॉक्टिलुकाचं उत्तर मिळत नाही. पेशी लहान असली तर भोकांतून निसटते, आणि ते जाळं मुळात प्राणिप्लवकांसाठी बेतलेलं होतं. गेल्या दोन-अडीच दशकांत अरबी समुद्रात नॉक्टिलुकाचा हिवाळी बहर वाढल्याचं अनेक संशोधकांनी नोंदवलं आहे, पण कारणावर एकमत नाही. काहीजण कमी ऑक्सिजनकडे बोट दाखवतात, तर काहीजण पोषकद्रव्यांच्या बदलाकडे. ऑक्सिजनची तुलना तरी करता येते, कारण जुनी मोजणी विंकलरचीच आहे.

२०१५ च्या डिसेंबरात गोव्यातून दुसऱ्या हिंद महासागर मोहिमेला सुरुवात झाली. साधारण दर दहा दिवसांनी २,००० मीटर खोलीपासून वर येणारे आर्गो तरंगकही आता समुद्रात आहेत आणि त्यातल्या काहींवर ऑक्सिजनचे सेन्सर बसवलेले आहेत. या सेन्सरचे आकडे हळूहळू चुकत जातात. जहाजावरचे सेन्सर दुरुस्त करायला आजही सीटीडीबरोबर वर आलेल्या पाण्यावर विंकलरची चाचणी करतात. बाटल्या डेकवर आल्या की पहिला मान ऑक्सिजनच्या नमुन्याचा. खारेपणावाले, पोषकद्रव्यवाले आणि बाकीचे त्यानंतर, कारण हवा लागली की आकडा गेला.