नाव एक, घरं दोन : ‘इन्फर्मेशन सिस्टिम्स’ आणि ‘इन्फर्मेशन सिस्टिम्स रिसर्च’

निपाणीकडची एक विद्यार्थिनी व्हीटीयूतून, म्हणजे बेळगावच्या विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठातून पीएचडी करते. विषय ‘भूमी’, म्हणजे कर्नाटकानं २००० साली सुरू केलेली जमीन-नोंदींची संगणकीय व्यवस्था. परवा पेपर घेऊन आली आणि म्हणाली, “सर, इन्फर्मेशन सिस्टिम्सला पाठवून टाकते.”

“कुठल्या?”

“तेच की सर, ते मोठं जर्नल!”

‘तेच’ कुठलं, हाच घोळ आहे. नुसतं ‘इन्फर्मेशन सिस्टिम्स’ नावाचं जर्नल एल्सेव्हियरचं. ‘इन्फर्मेशन सिस्टिम्स रिसर्च’ इन्फॉर्म्स या संस्थेचं, १९९०पासूनचं. दोन्ही नावाजलेली. पण पहिल्याचे वाचक डेटाबेसवाले आहेत आणि दुसऱ्याचे मॅनेजमेंटवाले. बेळगाव स्टँडवर ‘कोल्हापूर’ ऐकून चढावं आणि गाडी कोल्हापूर सर्कलला थांबावी, तशातला प्रकार.

आता ‘भूमी’च घ्या. पूर्वी नोंदी गावच्या लेखपालाच्या, म्हणजे तलाठ्याच्या दप्तरात असायच्या. ‘भूमी’नंतर त्या मामलेदार कचेरीतल्या खिडकीवर आल्या, सुरुवातीला १५ रुपयांत छापील उतारा मिळू लागला. फेरफाराचे अर्ज ज्या क्रमानं आले त्याच क्रमानं निकाली काढायचे, मधला अर्ज पुढं सरकवता येऊ नये, अशी त्या सॉफ्टवेअरची रचना. नोंदीला हात लावणारा कर्मचारी बोटाच्या ठशानं ओळखला जाई.

हा क्रम सॉफ्टवेअर कसा पाळतं? फेरफार झाल्यावर जुनी मालकी इतिहास म्हणून कशी साठवायची? लाखो नोंदींत एकच सर्व्हे नंबर दोनदा आलाय, हे कसं हुडकायचं? असे प्रश्न असतील तर पेपर पहिल्या जर्नलचा. तिथं परीक्षक विचारणार की तुमची पद्धत आधीच्या पद्धतीपेक्षा किती वेगवान, किती अचूक, कुठल्या डेटावर तपासली.

पण तीच रांग दुसऱ्या बाजूनं बघा. लेखपालाच्या हातातली सत्ता गेली की नुसती खिडकीमागच्या माणसाकडं सरकली? खानापूर तालुक्यातला मराठी शेतकरी कन्नडमध्ये छापलेला उतारा कुणाकडून वाचून घेतो? मधला एजंट खरंच उठला, की आता तो कचेरीबाहेर झेरॉक्सच्या दुकानात बसतो? हे प्रश्न दुसऱ्या घरचे. इथं वेगाचा तक्ता कुणी मागत नाही. तुमच्या निरीक्षणातून माणूस, संस्था आणि तंत्र यांच्या नात्याबद्दल नवं काय कळलं, ते मागतात. ‘आमच्या भागात असं असं घडतं’ एवढ्यावर पेपर उभा राहत नाही, त्यातून सिद्धांत निघावा लागतो. आपल्याकडचे बहुतेक पेपर इथंच अडकतात, असं माझं मत. माहिती भरपूर असते, पण ‘मग काय?’ या प्रश्नाला उत्तर नसतं.

या दुसऱ्या घराण्याची एक यादी ठरलेली आहे. ज्येष्ठ अभ्यासकांनी आधी आठ जर्नलं निवडली होती, २०२३मध्ये ती अकरा झाली. १९७७पासूनचं ‘एमआयएस क्वार्टर्ली’ त्यात आहे, ‘इन्फर्मेशन सिस्टिम्स रिसर्च’ आहे. नुसतं ‘इन्फर्मेशन सिस्टिम्स’ नाही. ते कमी प्रतीचं म्हणून नव्हे, त्याचं गोत्रच वेगळं. गोंधळ वाढवायला ‘इन्फर्मेशन सिस्टिम्स जर्नल’ही आहे, ते मात्र या यादीत आहे.

परिषदांचा रिवाजही दोन्हीकडं उलटा. डेटाबेसच्या जगात सिगमॉड किंवा व्हीएलडीबी या मोठ्या परिषदांना पेपर लागला की तोच मुक्काम, त्यावर माणसाची ओळख ठरते. मॅनेजमेंटच्या बाजूला १९८०पासून चालत आलेली आयसीआयएस ही आंतरराष्ट्रीय परिषद मानाची खरी, पण तिथला पेपर बहुधा वाटेतला थांबा. तिथं टीका ऐकायची, पेपर वाढवायचा आणि मग जर्नलला द्यायचा. जर्नलमध्ये परीक्षणाच्या दोन-तीन फेऱ्या आणि वर्ष-दोन वर्षं सहज जातात. हे माहीत नसलेला गाईड असला की ‘कॉन्फरन्स झाली, आता दुसरा विषय घे’ म्हणतो आणि अर्धं काम वाया जातं.

‘आठ दिवसांत प्रकाशन, आयएसएसएनसहित’ असे व्हॉट्सअ‍ॅप निरोप या दोन्हींत बसत नाहीत. आयएसएसएन हा ओळख-क्रमांक आहे, दर्जाचा शिक्का नव्हे. यूजीसीनं मान्य जर्नलांची केअर यादी २०२५मध्ये बंद केल्यापासून जर्नल पारखायचं काम संस्थेवर आणि आपल्यावरच आलंय. माझी पारख सोपी आहे. तुमच्या संदर्भयादीत कुठल्या जर्नलचे लेख जास्त आहेत ते मोजा. ज्यांच्याशी तुम्ही वाद घालताय, त्यांच्याच दारात जायला हवं.

त्या विद्यार्थिनीच्या संदर्भयादीत डेटाबेसचे लेख दोन निघाले. उरलेले सगळे सत्ता, विश्वास, सरकारी खिडक्या यांच्यावरचे. पेपर थांबवला. आता ती खानापूरच्या कचेरीत लोकांशी बोलत बसते. ‘पहाणी’ म्हणजे तोच जमिनीचा उतारा, कागदोपत्री त्याला आरटीसी म्हणतात. काल तिचा फोन आला : “सर, ‘पहाणी’ला इंग्रजीत काय लिहू? आरटीसी लिहिलं की परीक्षकाला कळंल, पण रांगेतलं कुणी तसं म्हणत नाही.”

म्हटलं, पहाणीच लिही, खाली एक ओळ समजावून दे. डेटाबेसवाल्यांना ते तक्त्याचं नाव आहे. तुझ्या पेपरात मात्र तो माणसांच्या तोंडचा शब्द आहे.