चुंबकाला चिकटलेली वाळू

माझी भाची आठवीत आहे. परवा ती मिश्रणातले पदार्थ वेगळे करायच्या पद्धती, निवळणे, गाळणे, बाष्पीभवन, ऊर्ध्वपातन असं घोकत बसली होती. "मावशी, कोणत्या मिश्रणाला कोणती पद्धत तेच लक्षात राहत नाही गं!" म्हटलं, घोकू नकोस, करून बघू.

वर्कशॉपमधून लोखंडाचा कीस आणला, सोसायटीच्या दुरुस्तीतून उरलेली मूठभर नदीची वाळू घेतली, घरातलं मीठ होतंच. चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घालायचा. मग चुंबक बाहेर काढला की कीस आपोआप गळून पडतो. भाचीने घाई केली आणि काहीच मिसळायच्या आधी चुंबक नुसत्या वाळूतून फिरवला. पिशवीवर बारीक काळ्या कणांची मिशी उभी राहिली. "यात लोखंड घातलंच नाहीये अजून!"

पुण्याच्या परिसरातला सगळा काळा पाषाण सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. त्या बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट हे लोहाचं चुंबकीय खनिज असतं. खडक झिजतो, पण हे जड, चिवट कण टिकतात आणि नदीच्या वाळूत येऊन पडतात. चुंबकाला 'वाळू' हे नाव कळत नाही, त्याला फक्त चुंबकीय काय आहे तेवढंच कळतं. प्रत्येक पद्धतीचं असंच आहे. म्हणून आधी विचारायचं ते हे, की या दोन पदार्थांत फरक नेमका कशात आहे?

मग क्रमही आपोआप सुचतो. चुंबक आधी, सगळं कोरडं असताना. ओला कीस सगळीकडे चिकटतो आणि गंजतो. नंतर पाणी घालून ढवळलं की मीठ विरघळतं, वाळू विरघळत नाही, गाळून घ्यायची. उरलेल्या द्रावणातलं मीठ हवं असेल तर पाणी आटवा. पाणीही हवं असेल तर मात्र वाफ थंड करून धरावी लागेल, म्हणजे ऊर्ध्वपातन.

दोन्ही पदार्थ विरघळणारे असले तर? मीठ आणि सोरा, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, घ्या. 100 ग्रॅम पाण्यात 20 अंशांना मीठ 36 ग्रॅम विरघळतं, उकळत्या पाण्यात जेमतेम 39. सोरा मात्र 32 ग्रॅमवरून 240 ग्रॅमच्याही पुढे जातो. सोऱ्यात थोडं मीठ मिसळलं असेल, तर सगळं गरम पाण्यात विरघळवून गार होऊ द्यायचं. सोऱ्याचे लांबट स्फटिक तळाशी बसतात, मीठ पाण्यातच राहतं.

द्रव दिसले की मुलं ऊर्ध्वपातन लिहून मोकळी होतात. पण पॅरा-झायलीन आणि मेटा-झायलीन हे दोन द्रव बघा. पहिलं 138.4 अंशांना उकळतं, दुसरं 139.1 ला. एका अंशाचाही फरक नाही! गोठणबिंदू मात्र 13 आणि उणे 48. म्हणून बाटल्या आणि पॉलिएस्टरसाठी लागणारं पॅरा-झायलीन वेगळं काढायला कारखान्यात मिश्रण खूप थंड करून त्याचे स्फटिक गाळून घेण्याची पद्धत वापरली गेली. मिश्रणात असताना ते 13 अंशांच्या बरंच खाली गेल्याशिवाय गोठत नाही. पण शुद्ध झालं, की पुण्यातल्या जानेवारीच्या एखाद्या कडाक्याच्या पहाटेही ते बाटलीतल्या बाटलीत गोठू शकतं, आणि मेटा शेजारच्या बाटलीत पाण्यासारखं हलत असतं.