तोल गेलेला स्ट्रोक आणि दिव्यांग प्रमाणपत्र: पुण्यात अर्ज नेमका कुठे अडतो

स्ट्रोक म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर वाकडं झालेलं तोंड आणि लुळा पडलेला हात येतो. पण लहान मेंदूचा किंवा मेंदूच्या देठाचा रक्तपुरवठा तुटला, तर हातापायांतली ताकद बरेचदा शाबूत राहते आणि तोल जातो. माणूस पाय फाकवून चालतो, वळताना झोकांड्या खातो, कपातला चहा बशीत सांडतो, बोलताना जीभ जड होते, कधी एकाची दोन माणसं दिसतात. असा माणूस दिव्यांग प्रमाणपत्राला गेला की हमखास अडकतो, कारण खुर्चीत बसलेला तो धडधाकट दिसतो.

माझ्या मामाचा पहिला अर्ज असाच वाया गेला. तपासणीच्या खोलीपर्यंत तो मामेभावाच्या दंडाला धरून आला आणि दारात त्याने हात सोडला. चारचौघांत धरून नेलेलं त्याला आवडत नाही. दारापासून टेबलापर्यंत आठ-दहा पावलं होती. टेबलाच्या कडेवर नजर रोखून, श्वास धरून त्याने ती काढली. डॉक्टर म्हणाले, "माझा हात दाबा." मामाने जोरात दाबला. "पाय उचला." उचलला. पाच मिनिटांत सगळं आटोपलं. बाहेर आल्यावर जिन्याचा कठडा दोन्ही हातांनी धरून तो कितीतरी वेळ तसाच उभा होता, मान वळवायची सोय नव्हती. ते आम्ही पाहिलं, कागदावर मात्र आलं नाही. टक्केवारी चाळीसच्या खाली लागली.

त्यानंतर ओळखीतल्या बऱ्याच घरांचे अर्ज मी बसून भरून दिले. अडायच्या जागा त्याच त्या आहेत.

कोणत्या प्रकारात अर्ज करायचा

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. त्या यादीत 'स्ट्रोक' असं वेगळं नाव नाही. लोक शोधतात, सापडत नाही, मग सायबर कॅफेतला मुलगा 'दीर्घकालीन मज्जासंस्थेचे आजार' हा पर्याय दाबून मोकळा होतो. कायद्यात त्या गटाखाली मल्टिपल स्क्लेरोसिस आणि पार्किन्सन्स यांची नावं आहेत. स्ट्रोकमुळे चालण्याफिरण्यावर परिणाम झाला असेल तर अर्ज सहसा 'लोकोमोटर', म्हणजे आपल्याकडे ज्याला अस्थिव्यंग म्हणतात, त्या प्रकारात जातो. "हाड मोडलेलं नाही, मग अस्थिव्यंग कसं?" हा प्रश्न मला दर वेळी विचारला जातो. कायद्यातली व्याख्या स्नायू-हाडांबरोबर मज्जासंस्थेमुळे आलेली हालचालीची अडचणही धरते, त्यामुळे तो पर्याय टाळू नका. स्ट्रोकने बोलणं किंवा नजरही गेली असेल तर तेही अर्जात नमूद करा, त्याची तपासणी वेगळी होते.

बहुतेक सवलतींसाठी किमान ४० टक्के लागतात.

सहा महिन्यांचा घोळ

स्ट्रोकनंतरचं मूल्यमापन सहा महिने उलटल्यावर करायचं असतं. सुरुवातीच्या महिन्यांत सुधारणा सर्वांत वेगाने होते, तेव्हाचा आकडा टिकणारा नसतो. हे न कळल्यामुळे डिस्चार्ज मिळून तीन आठवडे झालेल्या माणसाला रिक्षात घालून आणतात आणि अर्धा दिवस रांगेत काढून परत नेतात. सहा महिने स्ट्रोक झाल्या तारखेपासून मोजा, डिस्चार्जच्या तारखेपासून नाही.

उलट चूकही तितकीच होते. "अजून बरे होतायत, थांबू," म्हणत दोन-दोन वर्षं काढणारी घरं आहेत. थांबायची गरज नाही. सुधारणा होण्याची शक्यता वाटली तर मंडळ, म्हणजे रुग्णालयात तपासणी करून टक्केवारी ठरवणारे डॉक्टर, ठरावीक मुदतीचं प्रमाणपत्र देतं आणि पुढे फेरतपासणी होते. प्रमाणपत्र घेतल्याने व्यायाम थांबवावा लागत नाही.

हे सहा महिने नुसते वाट बघण्यात घालवू नका. तोलाचे आणि नजर स्थिर ठेवण्याचे व्यायाम रोज झाले पाहिजेत, आणि फिजिओथेरपीचा प्रत्येक कागद तारखेसह जपला पाहिजे. घरात कुठे, कधी पडले याची वहीत नोंद ठेवा. टाके पडले असतील तर त्याचा केसपेपर त्याच फायलीत लावा.

जो कागद कोणाकडेच नसतो

आधार, अलीकडचा फोटो, सही किंवा अंगठा, पत्त्याचा पुरावा, उपचारांची कागदपत्रं: हे सगळे आणतात. नसतो तो आज हा माणूस कसा चालतो हे सांगणारा कागद.

डिस्चार्ज कार्ड ते सांगत नाही. उलट तेच अंगाशी येतं. त्यात इंग्रजीत लिहिलेलं असतं: पेशंट शुद्धीवर, चारही अवयवांत ताकद पाचपैकी पाच, 'अॅम्ब्युलेटरी'. या शेवटच्या शब्दाचा अर्थ चालता-फिरता. वॉर्डात एका नातेवाइकाने काखेत धरून संडासापर्यंत नेलं, तरी कागदावर हाच शब्द पडतो. सहा महिन्यांनी तपासणारा डॉक्टर तो वाचतो, समोर नीटनेटका बसलेला माणूस बघतो, आणि पुढचं काय होतं ते मी वर सांगितलं.

म्हणून सहा महिने झाले की न्यूरॉलॉजिस्टकडे जाऊन ताजी चिठ्ठी मागा. "प्रमाणपत्रासाठी काहीतरी द्या" असं मोघम म्हणू नका, नेमकं सांगा. स्ट्रोकची तारीख, मेंदूचा कोणता भाग आणि कोणती बाजू, तोल जाण्याला डॉक्टर जो 'अटॅक्सिया' शब्द वापरतात तो आणि त्याची तीव्रता, आधाराशिवाय किती चालता येतं, एका पायाची टाच दुसऱ्या पायाच्या बोटांना लावत एका रेषेत चालता येतं का, बोट नाकाला लावताना हात चुकतो का, डोळ्यांची बुबुळं थरथरतात का. एवढं लेटरहेडवर, शिक्क्यानिशी, नोंदणी क्रमांकासह.

दुसरा कागद फिजिओथेरपिस्टचा. बर्ग बॅलन्स स्केल नावाची चाचणी आहे: उभं राहणं, वळणं, खालची वस्तू उचलणं, एका पायावर थांबणं अशा १४ कृती, प्रत्येकीला जास्तीत जास्त ४ गुण, एकूण ५६. अर्ध्या तासात होते. खुर्चीतून उठून तीन मीटर चालून, वळून, परत येऊन बसायला किती सेकंद लागतात, हेही त्यांच्याकडून लिहून घ्या. मंडळावर या आकड्यांचं बंधन नाही, टक्केवारी ते स्वतः ठरवतात. पण "तोल जातो हो" म्हणणं आणि ५६ पैकी ३४ दाखवणं यात फार फरक पडतो. मामाच्या दुसऱ्या खेपेला हाच कागद सर्वांत वर लावला होता.

तिसरी अडचण निदानाच्या कागदाची. मेंदूच्या मागच्या, खालच्या भागातला स्ट्रोक सुरुवातीच्या तासांत सीटी स्कॅनमध्ये बरेचदा दिसत नाही. आजूबाजूच्या जाड हाडांमुळे चित्र साफ येत नाही. पहिल्या केसपेपरवर मग 'चक्कर, उलट्या' किंवा 'पित्त' एवढंच असतं आणि सीटीचा रिपोर्ट 'नॉर्मल'. फायलीत तो कागद वर असेल तर वाचणारा तिथेच थांबतो. एमआरआयचा रिपोर्ट वर लावा, फिल्म किंवा सीडी सोबत न्या. आणि हे वाचणाऱ्या प्रत्येकाला कळकळीने सांगते: अचानक गरगरून उभंच राहता येईना, जीभ जड झाली, दोन-दोन दिसायला लागलं, तर पित्ताची गोळी देऊन झोपवू नका. सरळ मोठ्या रुग्णालयात न्या.

पुण्यात कुठे, आणि पत्त्याचं काय

अर्ज ऑनलाइनच करायचा, यूडीआयडी म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, ज्याला स्वावलंबन कार्डही म्हणतात, त्याच्या पोर्टलवर. पुण्यात ससून, औंधचं जिल्हा रुग्णालय, मंगळवार पेठेतलं कमला नेहरू आणि पिंपरीचं यशवंतराव चव्हाण रुग्णालय ही नेहमीची ठिकाणं. अर्ज भरताना रुग्णालय निवडावं लागतं. एकीकडचं निवडून दुसरीकडे जाऊन उभं राहू नका.

फॉर्ममध्ये एक प्रश्न फसवा आहे: "तुमच्याकडे दिव्यांग प्रमाणपत्र आहे का?" खासगी डॉक्टरांनी दिलेली चिठ्ठी म्हणजे प्रमाणपत्र नव्हे. तिथे 'नाही' लिहा. दिव्यांगत्व कधीपासून, या रकान्यात स्ट्रोकचं वर्ष, आणि ते तुमच्या कागदांशी जुळलं पाहिजे. नाव आधारवर आहे तसंच.

खरा त्रास गावाकडून आणलेल्या आईवडिलांचा. मुलगा कोथरूडला किंवा हडपसरला राहतो, स्ट्रोक झाला म्हणून वडिलांना इकडे आणलं, आणि आधारवर पत्ता बार्शीचा. नियमाप्रमाणे अर्ज पत्त्याच्या पुराव्यावरच्या जिल्ह्यात करता येतो, किंवा ज्या सरकारी रुग्णालयात या आजाराचे उपचार झाले तिथे करता येतो. म्हणजे ससूनमध्ये दाखल होते त्यांना वाट आहे. खासगीत झाले असतील तर ती वाट बंद. मग ज्या माणसाला गाडीत बसल्यावर गरगरतं त्याला तपासणीसाठी दोनशे किलोमीटर न्यायचं, याला काय म्हणावं? तोल गेलेल्या म्हाताऱ्या माणसाचा प्रवास हा मोठा प्रश्न असतो, हे नियम करणाऱ्यांनी एकदा सोबत येऊन पाहावं. तोवर उपाय एकच: वडील इथेच राहणार असतील तर त्या सहा महिन्यांतच आधारचा पत्ता बदलून घ्या. शेवटच्या आठवड्यात धावाधाव होते.

२०२४ साली नियम बदलले. पूर्वी रुग्णालयाला एका महिन्यात निर्णय द्यायचा होता, आता तीन महिने आहेत. अर्ज करून तुम्हीच पुढे काही केलं नाही आणि दोन वर्षं गेली, तर अर्ज रद्द होतो. पावतीचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा.

तपासणीच्या दिवशी

घरी जसे चालता तसेच जा. काठी वापरत असाल तर काठी, वॉकर असेल तर वॉकर, मुलाचा हात लागत असेल तर तो हात थेट टेबलापर्यंत. मामासारखा दारात सोडू नका. आणि नसलेलं दाखवूही नका. ढोंग करणारे डॉक्टरांना रोज दिसतात, खऱ्या पेशंटकडेही मग त्याच संशयाने पाहिलं जातं.

रांगेत तासभर उभं ठेवलं तर खुर्ची मागा, त्यात संकोच कसला. नाश्ता आणि रोजच्या गोळ्या चुकवू नका.

आत गेल्यावर हातपाय दाबून पाहणं झालं की शांतपणे विचारा, "साहेब, चालून आणि वळून दाखवू का?" तोलाचा सगळा त्रास चालण्यात आणि वळण्यात आहे, खुर्चीत तो दिसतच नाही. आणि रोजच्या आयुष्यातल्या दोन गोष्टी तयार ठेवा. मामाने दुसऱ्या वेळी सांगितलं, की तोंडाला साबण लावून डोळे मिटले की तो पडतो, म्हणून स्टुलावर बसून अंघोळ करतो आणि मामी बाहेर उभी असते. डॉक्टरांनी मान वर केली, पेन खाली ठेवलं आणि त्याला डोळे मिटून उभं राहायला सांगितलं. दोन सेकंदांत मामेभावाला धरावं लागलं.

निकाल हातात आल्यावर

कार्डावरच्या पट्टीचा रंग बघा: ४० टक्क्यांच्या खाली पांढरी, ४० पासून ८० च्या आत पिवळी, ८० आणि वर निळी. प्रमाणपत्र कायमचं आहे की मुदतीचं, हेही त्याच दिवशी वाचा. मुदत संपल्यावर बसच्या खिडकीवर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

अर्ज नाकारला तर कारण लेखी मिळालं पाहिजे, तो तुमचा हक्क आहे. निर्णय मान्य नसेल तर अपील करता येतं, त्याला ९० दिवस मिळतात. हे दिवस निर्णयाच्या तारखेपासून धरतात. कार्ड पोस्टाने घरी आल्यापासून मोजत बसलेल्या दोन घरांची मुदत माझ्यासमोर गेली.

पिवळं कार्ड आलं की एसटीत ७५ टक्के सवलत मिळते. उत्पन्न कमी असेल तर संजय गांधी निराधार योजनेसाठी तहसील कार्यालयात अर्ज करता येतो, त्याला तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला वेगळा लागतो.

रेल्वेचं मात्र निराळं आहे, आणि तिथे बरेच जण फसतात. नुसतं यूडीआयडी कार्ड दाखवून रेल्वेची दिव्यांग सवलत मिळत नाही. रेल्वेचा स्वतःचा नमुना आहे, त्यावर सरकारी डॉक्टरांची सही-शिक्का लागतो, आणि अस्थिव्यंग प्रकारात 'सोबत्याशिवाय प्रवास करू शकत नाही' असं त्यात स्पष्ट असावं लागतं. ते असेल तर सोबत्यालाही तिकिटात सवलत मिळते. तो नमुना छापून तपासणीच्या दिवशीच फायलीत ठेवा आणि डॉक्टर समोर असतानाच विचारा. त्या एका सहीसाठी तोल जाणाऱ्या माणसाला पुन्हा त्याच जिन्याने वर चढवायला लावू नका.