लॅटिनमधली जुळी रूपं: जेरंड आणि जेरंडिव्ह

लॅटिन शिकताना जेरंड आणि जेरंडिव्ह पाठोपाठ येतात. दोन्हींत धातूला तोच -न्द- प्रत्यय, त्यामुळे बरेच जण तिथे अडतात. मराठी माणसाने मात्र अडू नये, कारण यातलं अवघड रूप तो रोज बोलतो.

जेरंड हे धातुसाधित नाम. लेगेरे म्हणजे वाचणे; त्यावरून लेगेन्दी ‘वाचण्याचा’ आणि आद लेगेन्दुम ‘वाचण्यासाठी’. ते कायम नपुंसकलिंगी एकवचनी असतं. त्याला प्रथमा नाही. ‘वाचणं चांगलं’ म्हणायचं तर लेगेरेच वापरतात.

जेरंडिव्ह हे धातुसाधित विशेषण: लेगेन्दुस, लेगेन्दा, लेगेन्दुम. ते तिन्ही लिंगांत चालतं आणि अर्थ कर्मणी, बहुधा कर्तव्याचा. आपला अजेंडा त्यातलाच: आगेन्दा, करायच्या गोष्टी. आता हे पाहा. मिही लिबेर लेगेन्दुस एस्त: मला ग्रंथ वाचायचा आहे. मिही एपिस्तुला लेगेन्दा एस्त: मला चिठ्ठी वाचायची आहे. कर्ता चतुर्थीत, रूप कर्माच्या लिंगाप्रमाणे! तुलनेसाठी संस्कृतातले तव्य-अनीय (‘कर्तव्य’, ‘करणीय’ यांतले प्रत्यय) पटकन आठवतात, पण तिथे कर्ता तृतीयेत किंवा षष्ठीत जातो. आपलं ‘मला’ लॅटिनला जास्त जवळचं. उगम वेगळे, पण रचना इतकी जुळते की पाठांतराची गरजच उरत नाही.

खरी गुंतागुंत पुढे आहे. ‘पुस्तकं वाचण्यासाठी’ म्हणताना अभिजात लॅटिन आद लिब्रोस लेगेन्दुम टाळते आणि आद लिब्रोस लेगेन्दोस म्हणते. रूप जेरंडिव्हचं, अर्थ जेरंडचा. कर्तव्याचा मागमूस नाही. म्हणून अर्थावरून ओळखायला जाऊ नका. शेजारच्या नामाशी लिंग, वचन, विभक्ती जुळते का, एवढंच तपासा.

-न्द- कुठून आला, यावर अजून एकमत नाही. लॅटिनच्या भगिनीभाषेत, ऑस्कनमध्ये, त्याजागी -न्न- दिसतो: पाँपेईच्या एका शिलालेखात इमारत ‘बांधायला दिली’ अशा अर्थी उप्सन्नम हे रूप आहे. ऑस्कन आणि तिच्या जवळची उंब्रियन या प्राचीन इटलीतल्या भाषांत जेरंडिव्ह सापडतं, जेरंड नाही, म्हणून अनेक अभ्यासक जेरंडिव्हच आधीचं मानतात. आणि कर्तव्याचा अर्थ? तो बहुधा नंतर चिकटला. सेक्वी, म्हणजे मागोमाग जाणे, या धातूपासूनचा सेकुन्दुस पाहा: ‘मागून येणारा’, म्हणून ‘दुसरा’. त्यात ना कर्मणी अर्थ, ना कर्तव्य.