लॅटिनो पुरुषांतील प्रोस्टेट कर्करोग आणि आरोग्यविषमता

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील हिस्पॅनिक व लॅटिनो, म्हणजे स्पॅनिशभाषक वा लॅटिन अमेरिकी मुळाच्या, पुरुषांत, त्वचेचे सामान्य कर्करोग वगळता, सर्वाधिक आढळणारा कर्करोग प्रोस्टेट ग्रंथीचा, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालील ग्रंथीचा, आहे. गोऱ्या व कृष्णवर्णीय पुरुषांच्या मानाने त्याचे प्रमाण कमी असले, तरी तो पुढच्या टप्प्यात गेल्यावर उघडकीस येण्याची शक्यता लॅटिनोंमध्ये गोऱ्यांपेक्षा अधिक असते. त्यामुळे रोग किती जणांना होतो यापेक्षा तो केव्हा सापडतो आणि सापडल्यावर उपचार कोणाला परवडतात, हा येथील खरा प्रश्न आहे.

एकत्रित सरासरी या बाबतीत बरीच फसवी ठरते. २०२० च्या जनगणनेत सुमारे ६.२ कोटी लोकांची नोंद या गटात झाली आणि मेक्सिकन, क्यूबन, डोमिनिकन, पोर्तो रिकन असे भिन्न इतिहासांचे समाज एकाच रकान्यात आले. पोर्तो रिको या अमेरिकेच्या अखत्यारीतील कॅरिबियन बेटावर पुरुषांच्या कर्करोगमृत्यूंत प्रोस्टेटचा क्रमांक पहिला आहे, ही गोष्ट त्या रकान्यात झाकली जाते.

विमा नसणे हे विषमतेचे मोठे कारण होय. टेक्सस व फ्लोरिडा या मोठ्या लॅटिनो वस्तीच्या राज्यांनी २०१० च्या आरोग्यविमा कायद्यानुसार मेडिकेडचा, म्हणजे गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्याचा, विस्तार केलेला नाही. आरंभी या रोगाची सहसा लक्षणे नसतात. शेतात वा बांधकामावर रोजंदारीने राबणारा माणूस काही दुखतखुपत नसताना मजुरी बुडवून तपासणीला जात नाही. याचा दोष अनेकदा ‘माचिस्मो’ला, म्हणजे पुरुषी ताठ्याला, दिला जातो. गुदमार्गे होणाऱ्या तपासणीचा संकोच खराच. पण रक्तातील पीएसए, म्हणजे प्रोस्टेटमध्ये तयार होणारे व कर्करोगात वाढू शकणारे प्रथिन, मोजण्याच्या आड तो येत नाही. संयुक्त संस्थानांच्या प्रतिबंधक सेवा कृतिदलाने २०१२ मध्ये पीएसए चाचणी करू नये असे सांगितले. २०१८ मध्ये ५५ ते ६९ वयाच्या पुरुषांनी डॉक्टरांशी बोलून स्वतः निर्णय घ्यावा, असा पवित्रा घेतला. नेहमीचा डॉक्टर आणि दोघांची भाषा एक, हे त्यात गृहीतच धरलेले आहे.

उपायांमध्ये उत्पन्नानुसार शुल्क आकारणारी सामुदायिक आरोग्यकेंद्रे, तसेच ‘प्रोमोतोरेस’, म्हणजे वस्तीतल्याच माणसांतून तयार केलेले आरोग्यकार्यकर्ते, यांचा वाटा मोठा आहे. नुसती मोफत चाचणी शिबिरे मात्र अपुरी पडतात, कारण पीएसए वाढलेले निघाल्यावर बायॉप्सीचा, म्हणजे ग्रंथीचा तुकडा काढून तपासण्याचा, व उपचारांचा खर्च पुढे उभा राहतो. २००० च्या संघीय कायद्याने स्तन व गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी विमा नसलेल्या स्त्रियांना मेडिकेड देण्याची मुभा राज्यांना दिली. प्रोस्टेटसाठी तशी संघीय तरतूद नाही. कॅलिफोर्नियाने ही उणीव स्वतःपुरती भरून काढली. २००१ पासून लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठामार्फत चालणाऱ्या ‘इम्पॅक्ट’ कार्यक्रमात विमा नसलेल्या गरीब रुग्णांवर राज्याच्या निधीतून मोफत उपचार होतात आणि परिचारिका त्यांच्या उपचारांचा पाठपुरावा करतात. या रुग्णांत लॅटिनोंची संख्या मोठी असून, शस्त्रक्रियेनंतर येणारे मूत्रनियंत्रणाचे व लैंगिक त्रास ते कसे सोसतात, यावर तेथील संशोधकांनी त्यांच्या मुलाखती घेऊन अभ्यास केला आहे.